उजवं मनगट विरुद्ध डावं मनगट

महाग वस्तू टाकाऊ निघाली तर माणसाला शांत झोप लागते. "दहा हजार पाण्यात गेले," असं चार लोकांना सांगता येतं आणि ऐकणाराही मनापासून हळहळतो, कारण गेलेले दहा हजार त्याचे नसतात. स्वस्त वस्तू टाकाऊ निघाली तरी तक्रार नसते. तेवढ्या पैशांत तेवढंच मिळणार, हे आपण धरूनच चाललेलो असतो. पण समजा, दोन्ही वस्तू चांगल्या निघाल्या. त्यातही महागडी स्वस्तापेक्षा खरोखरच थोडीशी सरस निघाली, आणि ती सरस आहे हे साऱ्या गावात एकट्या तुम्हालाच कळतं, तेही दिवसातून जेमतेम पाव तास. अशा पीडित माणसाने दाद कुठे मागायची, याची तरतूद मला अजून कोणत्याही कायद्यात सापडलेली नाही. बसा, चहा येतोय. प्रकरण क्रमवार सांगतो.

माझ्या ताब्यात दोन सेंट होती. पहिलं आमच्या अड्याळच्या बसस्टँडजवळच्या जनरल स्टोअर्समधून घेतलेलं. शंभर मिलीलीटरची बाटली, चारशेच्या आत. संत्र्या-लिंबाच्या वासाने सुरू होतं आणि लाकडाच्या वासावर थांबतं. दुसरं मुलीने पुण्याहून वाढदिवसाला पाठवलेलं. तेही शंभर मिलीलीटर, तेही संत्र्याने सुरू होतं, तेही लाकडावर थांबतं. फक्त ते फ्रान्सचं आहे. दोन्ही कंपन्यांची नावं मी घेणार नाही. प्रकरण माझ्यापुरतं न्यायप्रविष्ट आहे.

मुलीने खोक्यावरची किंमत नखाने खरवडून टाकली होती. आईबापाला भेट देताना पोरं असं करतात आणि त्याला प्रेम म्हणतात. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, 2011 काय म्हणतात, हे त्यांच्या गावीही नसतं. छापील किंमत खोडायची नाही, असं त्यात आहे. मी जन्मभर आवक-जावक नोंदवही सांभाळली. खाडाखोड दिसली की मला चैन पडत नाही. मोबाईलवर शोध घेतला. दहा हजार आठशे.

आता हिशेब बघा. शंभर मिलीलीटरच्या बाटलीतून साधारण हजार फवारे निघतात, कारण एका दाबात दशांश मिलीलीटरच्या आसपास माल बाहेर येतो. म्हणजे एका फवाऱ्याला दहा रुपये ऐंशी पैसे. बसस्टँडवरचा कट चहा दहा रुपयांना आहे. सकाळी दोन्ही मनगटांना एकेक आणि मानेला एक मारलं, की तीन चहा प्यायल्यासारखं होतं, फक्त चहा प्यायलेला नसतो. स्वस्तातल्या बाटलीचा फवारा चाळीस पैशांनाही पडत नाही. चाळीस पैशांत आज काय येतं? सुटे नाहीत म्हणून दुकानदार देतो ती गोळीसुद्धा येत नाही.

हा भंडारा जिल्हा आहे, इथे अंतिम हिशेब धानात करावा लागतो. 2025-26 च्या हंगामाला साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये आहे. त्या भावाने माझी बाटली साडेचार क्विंटलची झाली, म्हणजे चाळीस किलोचे अकरा कट्टे आणि वर थोडं. आणि दोघांना मिळणारी वागणूक बघा. धानात ओलावा 17 टक्क्यांच्या वर गेला की खरेदी केंद्रावरून परत. शेतकऱ्याने ते धान पुन्हा पसरायचं, वाळवायचं, पुन्हा गाडी करायची. इकडे बाटलीत जवळपास ऐंशी टक्के निव्वळ स्पिरिट आहे, उरलेल्यात पाणीही आहे, खरा वास देणारा ऐवज शंभरात दहा-पंधरा. ते कोणी परत केलं का? उलट खोक्याला रेशमी फीत बांधली.

बाटली माझ्यापर्यंत पोचण्याचाही एक उपखंड आहे. अड्याळ म्हटलं की निम्म्या महाराष्ट्राला अड्याळ टेकडी आठवते. ती टेकडी चंद्रपूर जिल्ह्यात, ब्रह्मपुरी तालुक्यात आहे. तुकडोजी महाराजांचा विचार घेऊन गीताचार्य तुकारामदादांनी ती उभी केली. थोर जागा आहे, माझं तिच्याशी काहीच भांडण नाही. पण आमचं अड्याळ पवनी तालुक्यातलं, भंडाऱ्याहून पवनीला जाताना वाटेत लागतं. आमच्याकडे स्वतंत्र पोलीस ठाणं आहे, तरी कुरिअरवाल्याने माझं सुगंधी द्रव्य आधी टेकडीच्या दर्शनाला नेलं. तेही ऐन नवतपात. साऱ्या जगाला ज्या वस्तूबद्दल 'थंड, कोरड्या जागी ठेवा' अशी सूचना असते, ती वस्तू विदर्भात मे महिन्याच्या शेवटी पत्र्याच्या गाडीत दोन जिल्हे हिंडली. बाटलीला काही झालं नाही. झालं असतं तर निदान तिला नावं ठेवता आली असती.

आता मुख्य मुद्दा, मालाचा. दोन्ही बाटल्यांत आहे काय? वर संत्रं, खाली लाकूड. संत्रं! नागपूरला ज्याची सालं लोक गाडीच्या खिडकीतून बाहेर टाकतात. लहानपणी वीज गेली की आमचा ठरलेला उद्योग होता: संत्रं सोलायचं, सालीचा तुकडा दोन बोटांत धरून चिमणीजवळ न्यायचा आणि उलटा दुमडायचा. सालीवरच्या बारीक पुटकुळ्या फुटतात, तेलाचे तुषार उडतात आणि ज्योतीवर तडतड ठिणग्या पडतात. अंधारात भाऊ जवळ बसला असेल तर तीच साल त्याच्या डोळ्यासमोर दुमडायची आणि पळायचं. त्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनीन असतं. तेच लिमोनीन आता दहा रुपये ऐंशी पैसे फवाऱ्याने मी मनगटाला लावतो. भावाच्या डोळ्यात मी किती रुपयांचा ऐवज उडवला, याचा हिशेब मांडण्याची माझी हिंमत नाही.

आणि लाकूड म्हणजे तरी काय? देवदाराच्या जातीचं काही, आणि वाळा. आपला वाळा. ज्याच्या ताट्या उन्हाळ्यात खिडकीला लावून आमच्या आजोबांच्या पिढीने त्यावर पाणी मारलं, माठात ज्याची जुडी सोडली, आणि ऋतू संपला की ज्याची वाळून काळी पडलेली ताटी उकिरड्यावर फेकली. युरोपातले अत्तरवाले वाळ्याचं तेल बहुतेक हैतीहून नेतात. कनौजला आजही भट्टीवर वाळ्याचं रूह उतरवतात. आम्ही त्याच्यावर बादलीने पाणी मारलं. संत्रं आमच्या शेजारचं, वाळा आमच्या खिडकीतला, आणि बिल फ्रान्सचं.

या अन्यायाला इतिहास आहे. जोहान मारिया फरीना नावाचा इटालियन गृहस्थ जर्मनीतल्या कोलोनला जाऊन राहिला. 1709 साली तिथे फरीना घराण्याचं दुकान सुरू झालं. आपल्या देशातल्या लिंबू-संत्र्याच्या कुळातल्या फळांच्या तेलांतून त्याने हलकं, ताजं सुगंधी पाणी केलं आणि नाव मात्र ज्या शहराने थारा दिला त्याचं दिलं. कोलोनला एकही संत्र्याची बाग नसताना तीनशे वर्षं जग त्याच्या नावाने अंग सुगंधित करतंय. नागपूरला बागा आहेत, नागपुरी संत्र्याला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं, संत्रा बर्फी आहे, शहराच्या नावामागे संत्रानगरी अशी पदवीही आहे. फक्त एक फरीना राहायला आला नाही. आमच्याकडे बाहेरगावचा माणूस बदली होऊन येतो आणि दुसऱ्या दिवसापासून परत बदलीसाठी अर्ज करतो.

असो. आता प्रत्यक्ष चाचणी. मी पक्षपात टाळण्यासाठी डाव्या मनगटाला स्वस्त आणि उजव्याला महाग अशी वाटणी केली आणि ती शेवटपर्यंत कायम ठेवली. अंघोळीनंतर, काही खाण्यापिण्याआधी, खिडकी उघडून.

पहिला पाव तास. इथे मी शपथेवर सांगतो, उजवं मनगट वरचढ आहे. डाव्या मनगटावरचं संत्रं गोड आहे, जत्रेतल्या नारिंगी गोळीसारखं. बरं वाटतं, पण त्यात साल नाही. उजवीकडे सोललेलं संत्रं आहे: सालीचा कडवटपणा, नखात अडकलेला पांढरा गाभा, मागे काळ्या मिरीची चुणूक, आणि त्याही खाली काहीतरी दगडी, कोरडं, उन्हात तापलेल्या बांधावर पहिलं पाणी पडावं तसं. मी डोळे मिटून हुंगत राहतो. अकरा कट्टे धान वसूल झाल्याचा भास होतो.

मग पाव तास संपतो आणि माझा एकमेव साक्षीदार, म्हणजे माझं नाक, फितूर होतं.

यात नाकाचा दोष नाही म्हणतात. तोच वास सारखा येत राहिला की नाक त्याची दखल घेणं थांबवतं; नवा वास आला तर कळवायचं, जुन्याची रोज रोज नोंद करायची नाही, असा त्याच्या कचेरीचा नियम आहे. नाकातले वास ओळखणारे घटक शोधणाऱ्या रिचर्ड अॅक्सेल आणि लिंडा बक यांना 2004 साली नोबेल मिळालं. नोबेल मिळालं, पण माझं नाक काही कामावर रुजू झालं नाही. त्यात लिमोनीन हे पळपुटं. हलका रेणू, सगळ्यांत आधी उडून जातो. युरोपातल्या थंडीत तो थोडा रेंगाळत असेल. भंडाऱ्याच्या पंचेचाळीस अंशांत तो बाटलीचं टोपण उघडतानाच सामान बांधून बसलेला असतो. म्हणजे काय झालं? महागाईचं कारण पहिल्या पाव तासात आहे, आणि तो पाव तास मी घरात, खिडकीपाशी, एकटा असतो. बसस्टँडवर पोचेपर्यंत माझ्या अंगावर उरतं ते लाकूड.

आणि लाकूड दोन्हीकडे सारखं! ही माझ्या प्रकरणातली सर्वांत गंभीर बाब आहे. अत्तराच्या धंद्यात आयसो ई सुपर नावाचं एक रसायन आहे, 1970 च्या दशकात अमेरिकेत निघालेलं. मऊसर, कोरड्या लाकडासारखा वास देतं, काही लोकांना ते धड येतच नाही, काहींना मधूनच येतं आणि मधूनच जातं. स्वस्त माल असो की उंची, लाकडाचा पोत आणायला हे सर्रास वापरतात. दुपारी जेवण झाल्यावर मी दोन्ही मनगटं आळीपाळीने नाकाला लावतो तेव्हा कोणतं डावं आणि कोणतं उजवं, हे घड्याळ बघून ठरवावं लागतं. घड्याळ डाव्या हातात असतं, एवढाच पुरावा हाती उरतो.

स्वतःचं नाक बाद झाल्यावर त्रयस्थ पंच नेमणं भाग होतं. पंचनामा खालीलप्रमाणे.

बसस्टँडवरच्या चहावाल्याने उजवं मनगट हुंगलं आणि म्हणाला, "काहून जी भाऊ, देवळातून येऊन रायले का?" म्हणजे त्याला अगरबत्ती वाटली. डावं हुंगल्यावर त्याचे डोळे चमकले. "हे मस्त हाय ना जी! नागपूरवरून आनलं का?" मी सांगितलं, नाही, तुझ्या दुकानापासून चौथ्या दुकानातून आणलं. त्यावर त्याने साखर जरा जास्त घातली, सहानुभूती म्हणून असावी.

केस कापणाऱ्याकडे हाताचा प्रश्नच आला नाही. मी खुर्चीत बसलो आणि मानेवर उंची माल होता. त्याने कापड गुंडाळलं, थबकला, आणि अगदी काळजीने विचारलं, "लगित मच्छर झाले का जी तुमच्याकडं?" डास पळवायच्या मलमात लिंबूगवताच्या कुळातलं तेल असतं, वासाचं नातं लागतं, हे मला मान्य आहे. पण दहा हजार आठशे रुपयांच्या वस्तूला मच्छरांवर उपाय म्हणणं, हे मी नोंदवहीत कोणत्या रकान्यात लिहू?

घरच्या पंचांनी तर दोन्ही मनगटांकडे पाहिलंही नाही. "अजी," बायको कपाटातून म्हणाली, "डांबरगोळ्या संपल्या. ते फ्रान्सचं जरा लोकरीच्या कपड्यांवर मारा ना. नाहीतरी तुम्ही ते लावून जाता कुठं?"

या प्रश्नाला उत्तर नाही. बँकेत जातो, पासबुक भरायला. धान केंद्रावर जातो, दुसऱ्याच्या गाड्या मोजताना बघायला.

पण मी गावाला दोष देणार नाही. अड्याळच्या नाकांचं शिक्षण वेगळ्या शाळेत झालं आहे. इथे घरात चिन्नोर शिजत असला की गल्लीच्या तोंडाशीच कळतं, आज यांच्याकडे पाहुणे आहेत. भंडाऱ्याच्या चिन्नोरला मानांकनही मिळालंय. त्या सुगंधी तांदळाचा वास ज्या रेणूमुळे येतो, त्याचं नाव टू-असिटाइल-वन-पायरोलिन, आणि आता नीट ऐका: तोच रेणू वाघ झाडावर हद्दीची जी पिचकारी मारतो तिच्यातही सापडतो. बंगालचे शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांनी यावर आयुष्य घालवलं. त्यांच्या अभ्यासातून हेही दिसलं की वाघाच्या त्या फवाऱ्यात स्निग्ध पदार्थ असतात आणि त्यामुळे वास झटकन उडून जात नाही, टिकून राहतो. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आमच्याच तालुक्यात शिरलेलं आहे. म्हणजे आमच्या शेजारी एक प्राणी राहतो, ज्याचा फवारा बासमतीसारखा दरवळतो, फवाऱ्यानंतर कितीतरी वेळ टिकतो, आणि ज्याला एका थेंबाचेही पैसे पडत नाहीत. शिवाय त्याचा वास आल्यावर समोरचा कधीही "मच्छर झाले का?" असं विचारत नाही. अशा तालुक्यात माझ्या पाव तासाच्या संत्र्याची काय पत्रास?

चैत्रात मोहफुलं पडतात तेव्हा तर सगळंच बाद. पहाटे त्या गोड, आंबूस, जड वासाने जंगलाकडची वाट भरून जाते. तेव्हा मी दोन्ही बाटल्या कपाटात ठेवतो. कोणाशी स्पर्धा करायची, याला काही मर्यादा आहेत.

तुम्हाला वाटेल, दाद मागायला वरचं न्यायालय असेल. तिकडेही पाहून झालं. 2006 साल घ्या. त्याच वर्षी एर्मेस या फ्रेंच घराण्याने झाँ-क्लोद एलेना यांनी बांधलेलं 'तेर द'एर्मेस' बाजारात आणलं: वर संत्रं, मध्ये मिरी नि दगड, खाली वाळा आणि देवदार. माझी बाटली त्याच वळणाची. आणि त्याच वर्षी, 13 जूनला, फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अत्तराचा वास ही लेखकाच्या पुस्तकासारखी निर्मिती नव्हे, ती निव्वळ कारागिरी. तिला कॉपीराइट नाही. बरोबर तीन दिवसांनी, 16 जूनला, नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अत्तराच्या वासालाही कॉपीराइट असू शकतो. तिथे लाँकोम या नावाजलेल्या घराण्याने आपल्या 'त्रेझोर'ची नक्कल केली म्हणून केकोफा या स्वस्त माल विकणाऱ्या कंपनीला कोर्टात खेचलं होतं. तपासणीत वासाच्या 26 घटकांपैकी 24 जुळले.

सव्वीसपैकी चोवीस! मला इथे थांबून सांगायचं आहे की माझी सगळी फिर्याद उरलेल्या त्या दोनांची आहे. चोवीस घटक चाळीस पैशांत येतात. उरलेले दोन दहा रुपये चाळीस पैशांचे. ते दोन घटक पहिल्या पाव तासात उडून जातात. फ्रान्स म्हणतो कारागिरी, नेदरलँड्स म्हणतो कला, अड्याळ म्हणतं मच्छर. या तिन्ही निकालांवर अपील कुठे करायचं? युरोपीय न्यायालयाने 2018 साली एका चीजच्या चवीवरून खटला ऐकला आणि चवीला कॉपीराइट देता येणार नाही असं सांगितलं, कारण चव माणसागणिक बदलते, ती नेमकी नोंदवता येत नाही. वास नोंदवता येत असता तर मी आवक नोंदवहीत तो सकाळी आठ वाजता नोंदवून सव्वाआठला जावक दाखवला असता.

सरकारनेही काही कमी केलेलं नाही. देवापुढे लावायच्या अगरबत्तीवर जीएसटी 5 टक्के. 22 सप्टेंबर 2025 पासून टाल्कम पावडरवर 5 टक्के, दाढीनंतर लावायच्या लोशनवरही 5 टक्के. सेंटवर 18. म्हणजे तेच संत्रं गालाला लावलं तर गरज, आणि चार बोटं खाली मानेला लावलं तर चैन. गाल कुठे संपतो आणि मान कुठे सुरू होते, याचा शासन निर्णय अजून माझ्या पाहण्यात आलेला नाही.

नागपूरच्या एका मोठ्या दुकानात मी चौकशीलाही गेलो होतो. तिथल्या मुलीने कागदाच्या पट्टीवर फवारा मारून पट्टी माझ्या नाकापुढे हलवली. पट्टीला घाम येत नाही, पट्टी अड्याळच्या बसमध्ये उभ्याने प्रवास करत नाही, पट्टी वातानुकूलित जागेत जन्मते आणि तिथेच कचऱ्यात जाते. मध्ये नाक साफ व्हावं म्हणून तिने कॉफीच्या बियांची वाटी पुढे केली. मी विचारलं, "चार तासांनी कसं येईल?" ती म्हणाली, "सर, तोवर तुम्हाला सवय होऊन जाईल." प्रांजळ मुलगी होती. पैसे घेण्याआधीच निकाल सांगून मोकळी झाली.

शेवटी एक पात्र साक्षीदार मिळाला. मुलगी सुट्टीला आली. मी काही न सांगता, अंघोळ करून, खिडकीपाशी, पाव तासाच्या आत दोन्ही मनगटं तिच्यापुढे धरली. तिने डावं हुंगलं, मग उजवं, पुन्हा डावं. "हे माझं," ती उजव्याला म्हणाली. "यात साल आहे." तिने साल हाच शब्द वापरला. मला भरून आलं. एवढ्या मोठ्या खटल्यात पहिल्यांदा माझ्या बाजूने कोणी बोललं होतं.

पण मी इतकी वर्षं सरकारी कागद हाताळले आहेत. बाटली घेणारीच साक्षीदार असेल तर ती हितसंबंधी ठरते. समोरचा वकील तिची साक्ष पाच मिनिटांत उडवून लावेल. मी तिला तसं समजावलं. ती हसली. मग तिने डाव्या मनगटाचं सेंट कितीला पडलं ते विचारलं, मी सांगितलं, आणि जाताना ती बाटली तिने स्वतःच्या पिशवीत टाकली. "रोज ऑफिसला लावायला हेच बरं आहे, बाबा. तुमचं तुम्ही ठेवा, लग्नकार्याला."

म्हणजे प्रतिवादी पुण्याला फरार. आता वादी एकटा कपाटात, लोकरीच्या कपड्यांशेजारी. तुलना करायला दुसरं मनगट हवं म्हणून मी बसस्टँडजवळच्या दुकानात गेलो. दुकानदाराने वरच्या फळीवर बघितलं, खालच्या फळीवर बघितलं, खोकं हलवून पाहिलं.

"ते बंद झालं जी," तो म्हणाला. "कंपनीनं नवीन काढलं हाय. साठ रुपये जास्त हाय पन."

"वास तोच ना?"

"नाही ना जी. आता टरबुजाचा येते."